ट्रायकोडर्मा टाकण्याआधी वाफसा बघा

ट्रायकोडर्मा ही मातीतल्या रोगकारक बुरशींना आवर घालणारी जिवंत बुरशी आहे. तिला 25 ते 30 अंश तापमान आणि वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली माती, मानवते. पुणे जिल्ह्यात मे महिन्यात उघडी माती भाजून निघते, तेव्हा ट्रायकोडर्मा टाकणं म्हणजे पैसे वाया. चांगला पाऊस होऊन वाफसा आला की संध्याकाळी द्या.

एकरी 2 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा. ढीग सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि दर 3-4 दिवसांनी हलवा. ओल किती? मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण पाणी निथळू नये. आठ-दहा दिवसांत पांढरी, मग हिरवट बुरशी दिसते. ढीग हाताला गरम लागला तर खत कच्चं आहे. त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा टिकत नाही. ही चूक फार होते.

काळ्या रानात पाणी तुंबलं की हवा खेळत नाही. ट्रायकोडर्मा मंदावते आणि रोपं कोलमडवणारी पिथियम फोफावते. म्हणून आधी चर काढा, टोमॅटो-मिरचीची रोपं गादीवाफ्यावर घ्या. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) झाली असेल तर किमान 15 दिवस थांबा, कारण ते ट्रायकोडर्मालाही मारतं. थंडीत वाढ संथ होते, तेव्हा हरभऱ्याला पेरणीआधीच किलोमागे 5 ग्रॅम चोळून बी सावलीत सुकवा.