वर्गातल्या मुलांकडून व्हर्च्युअल म्युझियम कसं बनवून घ्यायचं

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलं असेल तर आठवेल, तिथे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्याच वस्तू आहेत, आणि काकासाहेब केळकरांनी त्या साधारण १९२० पासून एकेक करून जमवल्या. म्हणून मी मुलांना आधीच सांगते, नेटवरून राजवाड्यांचे फोटो उतरवू नका, घरातली किंवा शेजारची एकच जुनी वस्तू शोधा.

पहिलं काम फोटोचं. खिडकीजवळ साधी चादर अंथरायची, वस्तू ठेवायची, शेजारी पट्टी ठेवायची म्हणजे आकार कळतो. फ्लॅश बंदच ठेवा, पितळ नुसतं चमकतं आणि वरची अक्षरं दिसत नाहीत, आणि जुन्या भांड्यावर घातलेलं नाव हीच तर खरी माहिती असते!

मग लेबल, आणि इथे घाई अजिबात करू नका, माझे तरी तीन तास यातच जातात. एका मुलीने आधी लिहिलं होतं, "हे जुने माप आहे." मी म्हटलं आजीला विचार, याने काय मोजायचे, किती मावायचं, कधी बंद झालं. दुसऱ्या दिवशी लेबल आलं: "शेराचं माप. अशी चार मापं म्हणजे एक पायली. आजी याने ज्वारी मोजून द्यायची, भरल्यावर वरून हात फिरवायची नाही, शीग ठेवायची." आता हे कुठल्या पुस्तकात मिळणार? सांगणाऱ्याचं नाव लिहायचं असेल तर त्यांना विचारूनच लिहा.

बाकी सोपं आहे. गुगल स्लाइड्समध्ये पहिली स्लाइड म्हणजे दालन, त्यावर सगळ्या वस्तूंचे छोटे फोटो, प्रत्येक वस्तूला वेगळी स्लाइड. फोटो सिलेक्ट करून कंट्रोल आणि के दाबा, त्याच प्रेझेंटेशनमधली स्लाइड निवडा, झाली लिंक, आणि प्रत्येक स्लाइडवर परत दालनात जायचं बटण विसरू नका नाहीतर माणूस आत अडकतो. आजीचा आवाज घालायचा असेल तर ऑडिओ ड्राइव्हवर टाकून तिथून घ्यायचा, पण त्या फाइलचं शेअरिंग वेगळं उघडावं लागतं, नाहीतर फक्त तुम्हालाच ऐकू येईल.

शेवटी लिंक फक्त बघण्यापुरती ठेवून पालकांच्या ग्रुपवर टाका, आणि त्याआधी मुलांचे चेहरे किंवा घराचा पत्ता कुठे आलेला नाही ना, ते एकदा बघून घ्या.