घाट उतरताना ब्रेक करपतात? या चुका टाळा

कसारा घाट असो की नांदुरीहून सप्तशृंगगडाचा रस्ता, उतारावर करपट वास आला की आपण म्हणतो, "ब्रेक गेले." बहुतेकदा ब्रेक धड असतात. एकट्या ब्रेकवर सगळा घाट उतरवलेला असतो, एवढंच.

ब्रेक घर्षणाने वेगाची उष्णता करतो. द्राक्षांचे क्रेट भरून 3 टन झालेली पिकअप 300 मीटर उंचीवरून खाली आली, तर त्या उतरण्यातली ऊर्जा सुमारे 28 लिटर पाणी उकळायला पुरेल. इंजिनाने हात दिला नाही, म्हणजे गिअरमधून गाडीला रोखून धरलं नाही, तर यातली बरीचशी पॅड आणि लायनरवरच, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवरच येते. ते फार तापले की त्यांची पकड सुटते. पाय तितकाच जोर लावतो, पण गाडी थांबत नाही.

म्हणून डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं ही सगळ्यात घातक चूक. त्यात बचतही नाही: आजच्या गाड्यांमध्ये गिअर टाकून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन जवळपास बंद होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला ते लागतंच. चावी फिरवून इंजिन बंद केलंत, तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम (हवेची पोकळी) दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अगदी बरोबर आहे. गिअर उतार लागण्याआधीच खाली घ्या. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा, म्हणजे मध्ये हवा लागते.

वेग दुप्पट, तर थांबायचं अंतर चौपट. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ताशी 40 ला साधारण 9 मीटर, 80 ला 36. पहिल्या पावसात धूळ आणि ऑइलचा चिखल होतो, तेव्हा याहून जास्त.

वास आलाच, तर सुरक्षित जागी थांबून गाडी निवू द्या. तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.

पेडल स्पंजासारखं खाली जात असेल, तर पायाचा जोर पाइपातून चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल बघा. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 3 प्रतीचं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्याला ही मर्यादा 140 वर येते. मग पाइपात वाफ होते आणि पाय वाफच दाबत बसतो. गाडी निवली की पेडल पुन्हा घट्ट लागतं, त्यावर विसंबू नका. दोन वर्षं झाली असतील तर ऑइल बदलूनच पुढच्या फेरीला निघा.