बालवर्गाची जुनी शाळा दुरुस्त करायचीय? आधी खाली बसा

शाळेत शिरल्या शिरल्या टेप काढू नका. भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसा आणि खिडकीतून काय दिसतं ते बघा. मांडी घालून बसलेल्या पाच वर्षांच्या पोराचे डोळे जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन फुटांवर असतात. कोल्हापुरातल्या पेठांत मी ज्या जुन्या बालवर्गांची कामं केली, तिथं खिडकीचा तळ पावणेदोन-दोन फुटांवर सापडला. पोराला बसल्या जागेवरून झाड दिसावं, म्हणून. हल्लीचे ठेकेदार तो तळ सरळ तीन फुटांवर नेतात, मग पोरांना नुसतं आभाळ.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पुढच्या वर्षी करवीर तालुक्यातल्या चिखलीत त्याची पहिली शाळा निघाली. पण पोराच्या मापाची खोली ही वेगळीच गोष्ट. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंनी ती 1907 मध्ये रोमला दाखवली, गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं आणि ताराबाई मोडकांनी हा विचार मराठी मुलखात रुजवला. बुटकी कपाटं, खालच्या खुंट्या, कमी उंचीच्या पायऱ्या हे सगळं त्यातलंच. म्हणून पाडायच्या आधी प्रत्येकाचं माप वहीत लिहून घ्या.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीनं. एका शाळेत शहाबादी फरशी उखडायचा खर्च वाचवायला मी तिच्यावरच कोबा आणि टाइल्स घातल्या. जमीन तीन इंच वर आली. व्हरांड्यात उतरायची पायरी पाच इंचांची होती, ती आठची झाली. उद्‌घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बघतो तर एक पोरगी दाराशी येऊन थांबली, पाठमोरी झाली, दोन्ही तळहात उंबऱ्यावर टेकले आणि पायानं जमीन चाचपत उतरली. मागून सगळा वर्ग तसाच! बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. टाइल्स काढल्या, पदरच्या पैशानं.

उजेडाचं सोपं आहे. फळ्याकडं तोंड केल्यावर मोठ्या खिडक्या डाव्या हाताला यायला पाहिजेत, म्हणजे लिहिताना उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. (डावखुऱ्यांचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.) प्रोजेक्टरसाठी त्याच खिडक्या विटांनी बुजवायची टूम निघालीय. जाड पडदा लावा, बुजवू नका. वरचे झरोके तर अजिबात बुजवू नका, गरम हवा तिथूनच बाहेर जाते.

आता भिंत. काळा दगड आणि चुना असेल तर सिमेंटचा गिलावा मारू नका. चुन्याची भिंत ओल सोडत असते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं की पाणी आत साचतं, लोणा (भिंतीतला खार) फुटतो आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे निघतात. चाळलेली वाळू आणि भिजवून मुरवलेला चुना वापरा, घाई करू नका. ओल खालून चढत असेल तर आधी बाहेर जाऊन जोतं बघा. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि दीड फुटाचं जोतं अर्धा फूट उरतं. तिथं भिंतीलगतची माती काढून पाण्याला वाट करून द्या. आतून कितीही वॉटरप्रूफिंग ओता, त्याशिवाय उपयोग नाही.

छपराचं काम मे महिन्यातच उरकायचं. मंगलोरी कौलं उतरवली की वाशाचं टोक भिंतीत शिरतं तिथं स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे. वासा मधे ठणठणीत दिसतो, फसू नका. रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) बदलताना जुन्या कौलाची खाच मोजून अंतर ठेवा, अंदाजानं नको. अर्धा इंच चुकलं तरी कौल बसत नाही आणि जुलैतल्या पश्चिमेकडच्या पावसाची झड थेट पोरांच्या दप्तरांवर येते. फुटक्या कौलांच्या जागी नवीन आणाल तेव्हा जुनं एक नमुन्याला सोबत न्या. प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी, नुसतं ‘मंगलोरी द्या’ म्हणालात तर गाडीभर माल परत पाठवावा लागेल.