अवघड टॉवर स्पीकरसाठी ॲम्प कसा निवडावा

टॉवर स्पीकर घेताना लोक चार दुकानं फिरतात, दहा गाणी ऐकतात, घरच्यांना घेऊन जातात. ॲम्प (म्हणजे ॲम्प्लिफायर) घेताना मात्र डब्यावरचा एकच आकडा बघतात: १०० वॉट. हा आकडा बहुतेक वेळा ८ ओहमच्या लोडवर काढलेला असतो. तुमचा स्पीकर ८ ओहमवर राहतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ॲम्पच्या डब्यावर सापडत नाही.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला नोकरी केली. लोड किती, करंट किती, गरम किती होतंय, हेच बघत वर्षं गेली. म्हणून घरातल्या ॲम्पकडेही मी त्याच नजरेने बघते. माझं सांगणं एवढंच आहे की आधी तुमच्या स्पीकरला तुमच्या हॉलमध्ये किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागतात ते काढा, मग दुकानात जा. ते घरी काढता येतं आणि खर्च जवळजवळ नाहीच.

स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम हे एक नाममात्र मूल्य असतं. खरा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. एकाच स्पीकरचा कुठे २० ओहमच्या वर जातो, कुठे ३ च्या जवळ येतो. टॉवरमध्ये दोन-तीन वूफर (खालचे सूर वाजवणारे ड्रायव्हर) असतात आणि ते बऱ्याचदा पॅरललमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे खालच्या सुरांत तो हमखास घसरतो. उदाहरणार्थ केईएफ कंपनीचा जुना आर ११ टॉवर घ्या. कंपनीने त्याला ८ ओहम लिहिलं होतं आणि शेजारी किमान ३.२ ओहम असंही. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे किमान इम्पीडन्स नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको. ३.२ हे ४ चे ८० टक्के. म्हणजे त्या नियमाने तो ४ ओहमचाच स्पीकर धरायला हवा, आणि ॲम्प त्याच हिशेबाने घ्यायला हवा. म्हणून माहितीपत्रकात ‘किमान’ हा शब्द शोधा. तिथला आकडाच कामाचा.

सेन्सिटिव्हिटीतही, म्हणजे ठरावीक व्होल्टला स्पीकर किती मोठा वाजतो या आकड्यातही, अशीच मेख आहे. ‘८७ डीबी, २.८३ व्होल्ट, १ मीटर’ असं लिहिलेलं असतं. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर १ वॉट, पण ४ ओहमवर २ वॉट. त्यामुळे ४ ओहमचा ८७ डीबीचा स्पीकर एका वॉटला प्रत्यक्षात ८४ डीबीच देतो. ३ डीबी भरून काढायला दुप्पट वॉट लागतात, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

शिवाय फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या वेळेतलं अंतर. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी शिखरावर जात नाहीत, तेव्हा ॲम्पच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज जास्त असतानाच करंटही वाहतो, आणि तो सगळा भार उष्णता बनून त्यांच्यावर पडतो. ४ ओहम आणि ४५ अंश फेज एकत्र आले, तर क्लास एबी (नेहमीच्या पद्धतीच्या) ॲम्पच्या ट्रान्झिस्टरला तापण्याच्या दृष्टीने तो लोड सुमारे दीड ओहमसारखा वाटतो. म्हणूनच कमी ओहम आणि मोठा फेज कोन एकाच जागी आले की स्पीकर अवघड. अपोजी कंपनीचा १ ओहमचा सिंटिला तर नुसत्या कमी ओहममुळेच अवघड म्हणून प्रसिद्ध होता. तो चालवणारे ॲम्प हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. उलट काही स्पीकर ४ ओहमचे असूनही जवळजवळ शुद्ध रेझिस्टरसारखे वागतात. त्यांना करंट लागतो, पण ते ॲम्पला छळत नाहीत.

आता मोजणी. एमजी रोडच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १०० ओहम, १० वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर मागा. सोबत १० ओहमचाही एक घ्या. घरात साधा डिजिटल मल्टीमीटर असावा. ॲम्प बंद करून एका चॅनलच्या लाल टर्मिनलपासून १०० ओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे स्पीकरचा लाल, आणि स्पीकरच्या काळ्यापासून परत ॲम्पच्या काळ्याला, अशी एकामागे एक जोडणी करा. मोबाइलच्या टोन जनरेटर ॲपमधून ५० हर्ट्झ वाजवा आणि रेझिस्टरवर साधारण २ व्होल्ट एसी येईपर्यंत आवाज वाढवा. मग मीटर स्पीकरच्या दोन टोकांना लावा. समजा ७० मिलिव्होल्ट आले. १०० गुणिले ०.०७ भागिले २, म्हणजे ३.५ ओहम. झालं. २० पासून ४०० हर्ट्झपर्यंत टप्प्याटप्प्याने हेच करत जा आणि वहीत दोन रकाने भरा. कुठे घसरतो ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

स्वस्त मीटर ५० हर्ट्झच्या आसपास विश्वासाचा असतो, वर गेल्यावर चुकायला लागतो. म्हणून १० ओहमचा रेझिस्टर घेतला. स्पीकरच्या जागी तो लावून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला १० च्या आसपास उत्तर येतंय का बघा. जिथून येणं थांबलं, तिथून पुढची मोजणी सोडून द्या. वरच्या सुरांतली घसरण किंवा फेजचा कोन या पद्धतीत कळत नाही. त्यासाठी परदेशी मासिकांनी छापलेले त्या मॉडेलचे आलेख बघावेत. स्टिरिओफाइलमध्ये इम्पीडन्स आणि फेज दोन्ही एकाच आलेखात असतात.

दुसरी मोजणी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती तुमच्या कानांची आणि तुमच्या हॉलची आहे. कॉम्प्युटरवरच्या ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा टोन तयार करा, त्याची पातळी ०.२५ ठेवा, म्हणजे पूर्ण पातळीच्या एक चतुर्थांश, उणे १२ डीबी. ही फाइल नेहमीच्या प्लेअरमध्ये ठेवा. आधी संगीत लावा आणि तुम्ही सणासुदीला जास्तीत जास्त जेवढं मोठ्याने ऐकाल तेवढा आवाज करा. आता व्हॉल्यूमला हात लावू नका. गाणं थांबवा, ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, पुन्हा सुरू करून व्हॉल्यूम तोच आहे ना ते तपासा, टोन वाजवा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं बंद हवं. आलेल्या व्होल्टला ४ ने गुणा. तेवढे व्होल्ट तुमच्या ॲम्पने द्यायला हवेत. (व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या ॲम्पवर हे करू नका. स्पीकर काढून तो चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.)

माझा भाचा गंगापूर रोडला राहतो. त्याच्याकडे ८७ डीबीचे, ४ ओहमचे टॉवर आहेत आणि त्यांना ९० वॉटचा होम थिएटर रिसीव्हर जोडलेला होता. गणपतीत नाशिक ढोलचं रेकॉर्डिंग लावलं की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा. “मावशी, दीडशे वॉटचा घेऊ का आता?” असा त्याचा फोन. मी म्हटलं, थांब, आधी मोजू. किमान इम्पीडन्स ११० हर्ट्झच्या जवळ ३.३ ओहम निघाला, नेमका ढोलाची थाप भरते त्या भागात. टोनच्या चाचणीत ४.६ व्होल्ट आले, म्हणजे गरज १८.४ व्होल्टची. ८ ओहमच्या भाषेत (व्होल्टचा वर्ग भागिले ओहम) हे जेमतेम ४२ वॉट होतात! व्होल्ट त्या रिसीव्हरकडे मुबलक होते. ९० वॉटचा ॲम्प ८ ओहमवर जवळजवळ २७ व्होल्ट देतो. पण १८.४ भागिले ३.३ म्हणजे साडेपाच अँपिअरच्या वर, शिखराला जवळपास ८ अँपिअर, आणि तेही दोन्ही चॅनलला एकदम. ते त्याच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला झेपत नव्हतं. त्याने शेवटी स्टिरिओ इंटिग्रेटेड (दोन चॅनलचा, सगळं एकाच डब्यात असलेला ॲम्प) घेतला. ८ ओहमला ६० वॉट, ४ ओहमला ११०. कागदावर वॉट कमी झाले, आणि ढोल पहिल्यांदा पोटात लागला.

तेव्हा माहितीपत्रकात दोन आकडे शेजारी ठेवून बघा: ८ ओहमचे वॉट आणि ४ ओहमचे वॉट. ४ ला दुप्पट किंवा दुपटीच्या जवळ जात असेल, तर पॉवर सप्लाय दणकट आहे. ८ ला १०० आणि ४ ला १२० असेल, तर करंटला मर्यादा घातलेली आहे. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर अवघड टॉवरसाठी तो ॲम्प सोडा. आकडा कोणत्या अटीवर दिला आहे तेही वाचा. दोन्ही चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन (सिग्नलची विकृती) ०.१ टक्क्याच्या आत, असं असेल तर तो खरा. एकच चॅनल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, ६ ओहम, असं असेल तर त्यातले निम्मेसुद्धा धरू नका. पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला वॉटचा आकडा) तर वाचूच नका. ट्रान्सफॉर्मर दिसत असेल तर बघा: ४ ओहमला १५० वॉट दोन्ही चॅनलला सतत द्यायचे, तर ५०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) आसपासचा टोरॉइडल (गोल कड्यासारखा) ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो हातात घेतल्यावर वजनाने कळतो. स्विचिंग सप्लायच्या क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या) ॲम्पना वजनाची ही कसोटी लागू नाही. ते हलकेच असतात. त्यांच्या बाबतीत ४ आणि २ ओहमचे आकडे तेवढे तपासा.

काही रिसीव्हरच्या मागे किंवा मेनूत ४ किंवा ६ ओहमचा पर्याय असतो. तो निवडला की बहुतेक मॉडेलमध्ये आतलं व्होल्टेज कमी केलं जातं, म्हणजे ॲम्प थंड राहतो आणि ताकदही घटते. करंट वाढत नाही. ए आणि बी असे दोन जोड्यांचे स्पीकर एकदम लावू नका. ४ ओहमच्या दोन जोड्या पॅरललमध्ये २ ओहम होतात.

व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स बऱ्याचदा १ ते ३ ओहम असतो. वर-खाली होणाऱ्या स्पीकरवर त्याचा सूर स्पीकरच्या आलेखाप्रमाणे बदलतो. कुणाला तो रंग आवडतो, माझी हरकत नाही. पण ३ ओहमपर्यंत घसरणाऱ्या टॉवरला मी तो सुचवणार नाही.

वायरीवर फार खर्च करू नये. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ४ मीटरपर्यंत नेली, तर जाऊन-येऊन ०.०७ ओहमसुद्धा भरत नाही. ४ ओहमच्या स्पीकरला एवढं चालतं.

विजेचा विचार मात्र हवा. आमच्याकडे एप्रिल-मेच्या संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की मीटर २०५ व्होल्ट दाखवतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, आणि ताकद व्होल्टच्या वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे पाचातला एक हिस्सा जाते. म्हणून मोजलेल्या गरजेवर २०-२५ टक्के व्होल्ट जास्त धरा. सप्लाय उतरला तरी ॲम्प पुरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोठा ॲम्प चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. आणि ॲम्प शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका! बाहेर चाळीस अंश असताना आत हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांना) हवाच मिळाली नाही, तर चांगला ॲम्पही प्रोटेक्शनमध्ये जाणार. वर निदान वीतभर मोकळी जागा हवी.

कमी ताकदीचा ॲम्प म्हणजे स्पीकर सुरक्षित, असा समज आहे. तो खरा नाही. ॲम्प क्लिप व्हायला लागला, म्हणजे ताकद संपून सिग्नलची शिखरं कापायला लागला की वरच्या सुरांत नको ती ऊर्जा जाते आणि पहिला बळी ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणाऱ्या ड्रायव्हरचा) जातो. आवाज वाढवल्यावर टाळ, झांज किंवा ‘स’चा उच्चार खरखरीत झाला, तर लगेच खाली या.

डेमोला जाताना तुमच्या वहीतले दोन आकडे बरोबर न्या, किमान ओहम आणि लागणारे व्होल्ट. शक्य असेल तर ॲम्प घरी मागवा, कारण दुकानातला कार्पेट-पडद्यांचा कक्ष आणि आपला फरशी-स्लॅबचा हॉल यांत खालचे सूर सारखे वाजत नाहीत. तानपुऱ्यावरचं संथ गायन लावा आणि मागे घरघर येते का ऐका. मग तबला. कुसुमाग्रज स्मारकात जवळ बसून मैफल ऐकली असेल, तर बायाँ दाबून सुटतो तेव्हा कसा घुमतो ते कानात असतंच. तो घुमारा स्पष्ट सुरू होऊन स्पष्ट संपायला हवा. शेवटी ढोल लावा, तुमच्या नेहमीच्या मोठ्या आवाजाला, सलग अर्धा तास. नंतर हात हीटसिंकवर ठेवा. कोमट ते गरम चालेल. हात ठेववत नसेल, तर तो ॲम्प परत करा आणि ४ ओहमला त्याहून दणकट असलेला मागवा.