मे महिन्यातलं निवासी शिबिर: मुलं यायच्या आधी काय काय ठरवून ठेवायचं

शिबिराला अजून तीन आठवडे आहेत. धान्य, सतरंज्या, खेळाचं सामान याची यादी सगळ्यांकडे असतेच आणि कुणी ना कुणी ती पूर्ण करतंच, पण मुलांच्या सुरक्षेचं मात्र "ते बघू तिथे गेल्यावर" म्हणून राहून जातं, म्हणून या वेळी तीच यादी आधी लिहितेय. आमची संस्था अगदी लहान आहे, पगारी माणसं चार, बाकी कॉलेजची मुलं-मुली आणि दोन-तीन निवृत्त शिक्षक, आणि शिबिराला येणारी चाळीसेक मुलं बहुतेक बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या घरातली, आठ ते चौदा वयाची. वर्षातले पाच-सहा महिने ज्यांचे आईबाप फडावर असतात आणि जी आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, त्या मुलांना कुणी मायेनं विचारपूस केली की पटकन लळा लागतो, आणि नेमकं म्हणूनच आपण डोळ्यांत तेल घालून राहायला हवं.

सुरुवात माणसांपासून करा. "तो आपलाच आहे, पाच वर्षं ओळखतोय" हे कारण कुणासाठीच चालवून घ्यायचं नाही, ना अध्यक्षांच्या भाच्यासाठी ना टेम्पोवाल्या भाऊंसाठी. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांमध्ये स्पष्ट आहे की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करून घ्यायची, आणि मुलांच्या संरक्षणाचं धोरणही ठेवायचं. चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, त्यामुळे तीन आठवडे हा खरं तर उशीरच आहे, आजच अर्ज टाका. ज्यांचं आलेलं नसेल त्यांना स्वयंपाक, खरेदी, हिशोब असली कामं द्या, मुलांच्या खोलीतली नको. शिवाय प्रमाणपत्र आलं म्हणजे काम झालं असंही नाही, आधी जिथे काम केलंय तिथल्या दोन जणांना फोन करून सरळ विचारा, "यांना परत मुलांमध्ये घ्याल का?" समोरचा माणूस उत्तर द्यायला थांबला तर ते लक्षात ठेवा. माणूस चिडला की "माझ्यावर विश्वास नाही का" तर शांतपणे सांगायचं की हा नियम मलाही आहे आणि माझा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय.

स्वयंसेवकांची एक बैठक फक्त वागणुकीच्या नियमांसाठी ठेवा, खेळांच्या तालमीत ते घुसडू नका. नियम साधेच आहेत: बंद दाराआड एका मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, दार उघडं ठेवा नाहीतर दुसरं मोठं माणूस बोलवा, मुलांना गाडीवर एकटं बसवून न्यायचं नाही, मुलीचा-मुलाचा खाजगी नंबर घ्यायचा नाही, कुणा एकाच मुलाला गुपचूप चॉकलेटं-भेटवस्तू द्यायच्या नाहीत, मारायचं नाही, आणि जातीवरून, आईबापाच्या कामावरून बोलायचं नाही. शेवटचं मुद्दाम लिहिलंय, कारण "ऊसतोड्याची पोरं" हा शब्द मी एका चांगल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकलाय आणि पुढच्या रांगेतल्या मुलाने तो ऐकून मान खाली घातलेली पाहिलीय. त्या दिवशी त्याने पुढे काही केलं नाही, चित्रही काढलं नाही.

संमतीपत्र छापून घेताना एक लक्षात ठेवा, ते घरी पाठवून सही आणायची ही पद्धत इथे चालत नाही, बऱ्याच जणांना वाचता येत नाही आणि "शाळेतनं आलंय" म्हणून अंगठा लावून मोकळे होतात. वाडीवर जाऊन वाचून दाखवा, कुठे नेणार, कुठे झोपणार, कोण कोण असणार, नदी-विहीर जवळ आहे का, सगळं सांगा, आणि विचारलेल्या प्रश्नांना थांबून उत्तर द्या. फोन नंबर घ्यायचे तर दोन घ्या, आणि तो नक्की कुणाचा आहे हे पण लिहा. शाळेच्या रजिस्टरमध्ये कित्येक मुलांसमोर मुकादमाचा, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा, नंबर असतो, म्हणजे मुलीला ताप आला किंवा त्याहून नाजूक काही झालं तर पहिली बातमी ज्याच्याकडून आईबापांनी उचल घेतलीय त्या माणसाला जाणार. आजीचा, शेजारच्या काकूचा, आशाताईंचा, कुणाचाही घ्या पण तो नको. परत न्यायला कोण येणार त्याचं नाव आधीच लिहून घ्या, दुसरं कुणी आलं तर घरी फोन झाल्याशिवाय मूल सोडायचं नाही, मग तो सख्खा मामा असला तरी.

तब्येतीचा रकाना मोठा ठेवा. फिट येते का, दमा आहे का, सिकलसेल आहे का, कुठलं औषध चालू आहे, रात्री अंथरुण ओलं होतं का. हे शेवटचं चारचौघांत विचारू नका, आईला बाजूला घेऊन विचारा आणि तिथे जास्तीची चादर कुणाला न कळेल अशी देता येईल अशी सोय करा. मोठ्या मुलींसाठी पॅड्स आणि ते टाकायला झाकणाचा डबा. मे महिन्यात विंचू-साप निघतातच, त्यामुळे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का हे फोनवर न विचारता स्वतः जाऊन बघून या, रस्ता किती वेळाचा आहे तेही कळेल, आणि १०८ ला पत्ता सांगता येईल अशी खूण एका कागदावर लिहून भिंतीला लावा. विहिरीवर, बंधाऱ्यावर पोहायला जायचं नाही, यावर चर्चा नको.

जागा बघायला एकदा दिवसा आणि एकदा रात्री जा. आम्ही पहिल्यांदा फक्त दिवसा गेलो होतो, मराठी शाळेची छान इमारत, मोठा व्हरांडा, आणि रात्री कळलं की संडास इमारतीच्या मागे आहेत, दिवा गेलेला, मुलींच्या संडासाची आतली कडी तुटलेली, आणि मुली संध्याकाळपासून पाणीच पीत नव्हत्या, का ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी एकीला चक्कर आल्यावर समजलं. तेव्हापासून कडी, बल्ब, टॉर्च आणि रात्री जोडीने सोबत जायला दोन ताया हे यादीत खिचडीच्या तांदळाच्या वर असतं. मुलींच्या झोपायच्या खोलीत दोन बायका, मुलांच्या खोलीत दोन पुरुष, एकटं कुणी नाही, आणि रात्री बाहेरच्या माणसाला, म्हणजे देणगीदारालासुद्धा, आवारात मुक्काम नाही.

मोजणी. यावर मी फार बोलते असं सगळे म्हणतात पण त्याला कारण आहे. एका वर्षी येताना गाडी हायवेवरच्या ढाब्याजवळ थांबवली, निघताना मी दारात उभं राहून विचारलं "सगळे आहेत ना?" आणि चाळीस मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणाली. नऊ वर्षांचा एक मुलगा मागे नळावर पाय धूत राहिला होता. अकरा किलोमीटरवर त्याच्या शेजारी बसणारा मुलगा हळूच म्हणाला, बाई, तो नाहीये. परत गेलो तेव्हा ढाब्यावरच्या काकांनी त्याला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, हातात पाण्याचा ग्लास, तो रडतही नव्हता, नुसता रस्त्याकडे बघत होता. चूक माझी होती. म्हणून नावं घेऊनच हजेरी, चढताना, उतरताना, जेवायच्या आधी आणि झोपताना, प्रत्येक मुलाला एक जोडीदार, आणि हजेरीची वही एकाच माणसाच्या गळ्यातल्या पिशवीत.

फोटोंचं आधी ठरवा नाहीतर ते हाताबाहेर जातं. मुलाचं नाव, गाव आणि चेहरा हे तिन्ही एकत्र कुठेही जायला नको. एका वर्षी एका पाहुण्यांनी खाऊ वाटतानाचे फोटो गावाच्या नावासकट ग्रुपवर टाकले, आणि दोन दिवसांनी एका आईचा फोन आला, ती मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून लांब माहेरच्या गावी येऊन राहिली होती आणि आता त्याला मुलगी कुठे आहे ते कळलं होतं. आम्ही ते फोटो ग्रुपवरून काढून टाकायला लावले पण जे पोचायचं ते पोचलं होतं. आता पाहुण्यांना दारातच सांगतो, फोटो फक्त आमचा एक माणूस काढेल, आणि देणगी थांबली तरी चालेल.

आता सगळ्यात जड भाग. मुलाने काही सांगितलं तर कोण काय करणार, हे शिबिराच्या आधी नावानिशी ठरलेलं पाहिजे, त्या क्षणी बैठक घ्यायला वेळ नसतो. एक ताई आणि एक दादा असे दोघं नेमा आणि पहिल्याच दिवशी मुलांसमोर उभे करा, "काही नको वाटलं, कुणी नको तसं हात लावला, भीती वाटली तर यांना सांगा, आमच्यापैकी कुणाबद्दल असलं तरी सांगा." १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, चोवीस तास चालतो आणि पैसे लागत नाहीत, मुलांकडून तोंडपाठ करून घ्या. मूल बोलायला लागलं की मध्ये तोडू नका, "तेव्हाच का नाही सांगितलंस", "ओरडली का नाहीस" हे शब्द तोंडात आणायचे नाहीत, परत परत तेच विचारायचं नाही, आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही कारण ते पाळता येत नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आता मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल" इतकं पुरे. नंतर लगेच मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, वेळ घालून, वहीत लिहा, आपल्या भाषेत सुधारू नका.

मग कळवायचं. पॉक्सो २०१२ चा कायदा आहे आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपल्याला वाटलं तर कळवायचं असं नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलचं दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात माहिती असून कळवलं नाही म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. संस्थेत अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, आधी आपण आत चौकशी करू, त्याचं लग्न ठरलंय, संस्थेचं नाव जाईल. आत चौकशी करायची नाही, मुलाला आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला समोरासमोर बसवायचं नाही, त्या माणसाला गावी पाठवून विषय मिटवायचा नाही, त्याला मुलांपासून लांब करायचं आणि पोलिसांना फोन करायचा. आईबापांना शक्यतो माणूस घरी पाठवून सांगा, घरातल्याच कुणावर संशय असेल तर आधी १०९८ वर किंवा बाल कल्याण समितीशी बोला. नुकतंच घडलं असेल तर आंघोळ नको, कपडे धुऊ नका, आधी दवाखाना, तातडीच्या उपचारासाठी डॉक्टर पोलिसांचा कागद मागू शकत नाहीत. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये थांबवता येत नाही, हे आपल्याला पाठ असलं की तिथे नम्रपणे पण ठामपणे बोलता येतं. ठाण्यात बरोबर कोण जाणार त्या ताईंचं नावही आजच लिहा.

मोठ्यांचंही बघायचं असतं. विनामोबदला काम करणाऱ्या मुलीसुद्धा २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती लागते, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तिचा पत्ता बैठकीत वाचून दाखवा. रात्री उशिरा कुणाला एसटीने एकटीला परत पाठवू नका, रोज प्रत्येकाला दोन तास पूर्ण सुट्टी द्या, झोप न झालेल्या माणसाच्या हातून मुलांवर हात उचलला जातो, मी हे पाहिलंय. आणि ज्या ताईने मुलाचं असं काही ऐकलंय तिला त्या रात्री एकटं ठेवू नका, १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीतही बोलतात.

शिबिर संपल्यावर नोंदवह्या कुलपात जातात, पिशवीत फिरत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येक घरी एक फोन करायचा, मूल नीट जेवतंय का, झोपतंय का, गप्प गप्प तर नाही ना, कारण काही मुलं घरी गेल्यावरच बोलतात. चाळीस फोन म्हणजे दोन जणींची दोन संध्याकाळची कामं, त्या दोघींची नावं वहीत अजून रिकामी आहेत, ती या रविवारच्या बैठकीत भरू.