पाचगणीच्या जुन्या घराच्या गार भिंती: काय लागू पडलं

जांभ्याच्या भरीव भिंती, मध्ये पोकळी नाही. थंडीत आतून गारठलेल्या, कपाटामागे काळी बुरशी. वॉटरप्रूफ रंगाचे पोपडे निघाले. थर्माकोल चिकटवलं तर त्यामागे ओल साठली. जीव मेटाकुटीला आला.

पाऊस संपल्यावर आतला-बाहेरचा सिमेंटचा गिलावा काढला. जांभा सच्छिद्र, सिमेंट त्यातली ओल कोंडून ठेवतं, आणि ओली भिंत जास्त गार पडते. उन्हाळ्यापर्यंत भिंत वाळू दिली. बाहेरून चुन्याने दरजा भरल्या. मग आतून मुरवलेला चुना आणि परलाइटचा (ज्वालामुखी खडक तापवून फुगवलेले हलके दाणे) गिलावा, प्रत्येकी १५-२० मिमीचे दोन थर. पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा, मधे पाण्याचा हलका फवारा. खिडक्यांच्या कडाही याच गिलाव्याने झाका, गारवा तिथूनही शिरतो. वर फक्त चुन्याची सफेदी, ऑइलपेंट अजिबात नको. यंदा बुरशी नाही.