कढीपत्त्याच्या कुंडीवर स्वॅलोटेल ओळखायला शिका

फुलपाखरं ओळखायला शिकायचं असेल तर आधी फुलांकडे नाही, पानांकडे बघा. फुलावर कोणीही येऊन बसतं; अंडी मात्र मादी ठरावीक झाडांवरच घालते. पॅपिलिओनिडी, म्हणजे स्वॅलोटेलचं कुळ, शिकायला मला तरी याहून सोपी वाट माहीत नाही. त्यासाठी जंगलात जायला लागत नाही. मी हे सगळं डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बघत आले आहे.

कढीपत्ता, लिंबू, बेल ही एकाच कुळातली झाडं. त्यांच्यावर शहरात मुख्यतः दोन स्वॅलोटेल येतात, लाइम आणि कॉमन मॉरमॉन. कुंडी उन्हात ठेवा आणि अधूनमधून शेंडे खुडत राहा, म्हणजे कोवळी पालवी फुटत राहील. मादीला तीच हवी असते. झाडाभोवती घिरट्या सुरू झाल्या की जागचे हलू नका. ती पानावर पुढचे पाय आपटते, पायांनीच चव घेते, पटलं तर पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि दुसऱ्या पानाकडे जाते. ती गेल्यावर जवळ जाऊन बघा, जेमतेम मिलिमीटरभर, फिकट पिवळं, गोल अंडं दिसेल.

तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती तपकिरी-काळपट, मध्ये पांढरा डाग, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी. पुष्कळ जण झाडाला काहीतरी लागलंय म्हणून पान तोडून टाकतात. कृपा करून तसं करू नका. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते. तिला हलकंच बोट लावलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मॉरमॉनचं शिंग लाल, लाइमचं नारिंगी. असा अवयव फक्त याच कुळातल्या अळ्यांना असतो, त्यामुळे कुळाची खात्री इथेच पटते. एकदा बघितलंत की पुन्हा तिला छेडू नका.

पानं संपत आली तर बाजारातली जुडी आणून घालायचा मोह होईल. ती घालू नका. त्यावर औषध मारलेलं असू शकतं आणि त्याने अळ्या मरतात. शेजाऱ्यांच्या न फवारलेल्या झाडाची डहाळी मागून आणा.

कोष करताना अळी डोकं वर ठेवून कमरेभोवती रेशमी धागा बांधून घेते. प्लेन टायगर या दुसऱ्या कुळातल्या फुलपाखराचा कोष उलटा लटकतो, याचा नाही. आजूबाजूला काय आहे त्यानुसार तो हिरवा किंवा तपकिरी होतो. बरणीत कोंबू नका. बाहेर आल्यावर पंख खाली सोडून वाळवायला मोकळी जागा लागते. कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. वाईट वाटतं, पण त्याही याच साखळीतल्या.

मोठं झालेलं स्वॅलोटेल ओळखताना मागच्या पंखांच्या शेपटीवर विसंबू नका. लाइमला ती नसतेच. पाय मोजा. स्वॅलोटेल सहाही पायांवर उभं राहतं, टायगर आणि क्रो ही दुसऱ्या कुळातली फुलपाखरं चारच पाय वापरतात. शिवाय मध पितानाही याचे पंख सतत फडफडत असतात, म्हणून फोटो धूसर येतात.

आता खरी गंमत, जी बघताना मी अजून थक्क होते. कॉमन मॉरमॉनची मादी एका रूपात येत नाही. एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमझन रोझसारखी. रोझ ही याच कुळातली दोन वेगळी फुलपाखरं. दोन्ही लहानपणी ईश्वरीच्या वेलावर वाढतात, त्यातलं विष अंगात साठवतात आणि पक्षी त्यांना टाळतात. मॉरमॉनची मादी विषारी नाही, फक्त वेश तोच. नक्कल पकडायची तर पंख सोडा, धड बघा. खऱ्या रोझचं धड लाल, मॉरमॉनचं काळं.

कढीपत्ता झाला की सोसायटीतल्या उंच अशोकाकडे वळा. त्यावर हिरव्या ठिपक्यांचं, एका जागी न ठरणारं टेल्ड जे अंडी घालतं. सीताफळावरही घालतं. ईश्वरीचा वेल लावायला कुंपण असेल तर जरूर लावा, पण मुलांना त्याचं पान तोंडात घालू देऊ नका.

आणि आपलं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, याच कुळातलं. महाराष्ट्राने 2015 मध्ये त्याला हा मान दिला. पंखांचा विस्तार 12 ते 15 सेंटीमीटर, काळ्यावर फिकट निळं. लिंबाच्या जातीची झाडं त्याच्या अळ्यांनाही चालतात. मोठ्याला मधासाठी हनुमान किरीट किंवा इक्झोरा लावा. आंबोलीला गेलात तर सदर्न बर्डविंग शोधा, काळे पंख आणि मागे सोनेरी पिवळा रंग. तेही स्वॅलोटेलच, मुख्यतः पश्चिम घाटात सापडणारं. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सकाळी ऊन पडल्यानंतर निघा आणि ओल्या वाटेच्या कडेला चिखल शोषत बसलेल्या नरांकडेही लक्ष ठेवा.